काळी चारचा बेंजो

ऑपरेशननंतर सासूबाईंनी घरात पहिली वस्तू मागितली ती म्हणजे वाद्य. कोणतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. "सूर काढता येईल असं कायतरी बघ," एवढंच म्हणाल्या, आणि तेही कुजबुजत, कारण त्याहून मोठा आवाज त्यांच्या गळ्यातून निघत नव्हता.

थायरॉईडची गाठ होती. ती काढताना आवाजाच्या शिरेला धक्का लागू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच नीट समजावलं होतं आणि त्यांनी मान डोलावून सही केली होती. गाठ साधी निघाली, आवाज मात्र गेला. बोलणं हळूहळू परत आलं, उसाच्या वाळल्या पाचटातून पाय ओढत चालल्यासारखं खरखरीत. गाणं आलं नाही.

राहात्याजवळच्या आमच्या गावात दर गुरुवारी संध्याकाळी दत्ताच्या देवळात बायकांचं भजन असतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पुढे बसून गाणाऱ्या सासूबाईच. त्यांनी ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती मागून उचलायची. पेटीवर गावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. तिथली रीत अशी की पुढे गाणारीचा गळा ज्या पट्टीत मोकळा चालतो, ती सगळ्या भजनाची पट्टी. बाई पेटीची ती एक पट्टी दाबून सूर देतात आणि मग सगळ्याजणी त्या सुराच्या आधाराने वरखाली जातात. सासूबाई काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीत गायच्या, चांगल्याच उंच. वरच्या ओळीला मागच्या काहीजणींची नुसती तोंडं हलायची. पण कुणी कधी तक्रार केली नाही, कारण त्या वर गेल्या की ऐकत राहण्यातच सुख असायचं. पेरूच्या हंगामात बागेत कॅरेट भरता भरता त्या गायला लागल्या की शेजारच्या बागेतले तोडणीवाले आपोआप गप्प व्हायचे. माझा स्वतःचा गळा शाळेच्या ऑफिसातून शिपायाला हाक मारण्यापुरता, त्यामुळे मला याचं फार अप्रूप.

ऑपरेशननंतर त्या एका गुरुवारी देवळात गेल्या. पुढे आता शेजारच्या बागवाल्यांची सून बसत होती. गोड आवाजाची मुलगी, पण जरा खालून गाणारी. तिच्यासाठी बाईंनी पेटी काळी चारवर उतरवली होती. सासूबाईंच्या हातात कुणीतरी मायेने टाळ दिले. त्यांनी ते वाजवले, आरती घेतली, घरी आल्या. पुढच्या गुरुवारी गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. सासऱ्यांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, टाळ कुणीबी वाजवतं. रुसून नाही म्हणाल्या. कॅरेट भरून झाले आता उठते, अशा सुरात म्हणाल्या. आपल्याला काम नाही तिथे बसून राहणं त्यांना आयुष्यात कधी जमलेलं नाही. तेव्हा प्रश्न सरळ होता. त्यांच्या हातात सूर द्यायचा, नाहीतर गुरुवार कायमचा सुटणार.

प्रश्न सरळ असला की मला यादी करता येते. शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मी रकाने आखले. वाद्य मांडी घालून वाजवता यायला हवं. फुंकायचं नको, गळ्यावर जोर पडतो. देवळापर्यंत एकटीने उचलून नेता यावं. त्यावर नुसता धरून ठेवलेला एक सूर नको, गाण्याची चाल वाजली पाहिजे. बिघडलं तर नगरच्या पुढे जावं लागू नये. साठी ओलांडून पहिल्यांदाच वाद्याला हात लावणाऱ्या बाईला काही महिन्यांत चार भजनं तरी वाजवता यावीत. आणि शिकण्याआधीच कंटाळा आला, तर हळहळ वाटू नये इतपत किंमत.

सासूबाईंनी कागद लांब धरून सगळा वाचला. "सून आनतानाबी येवढं न्हाई बघितलं," म्हणाल्या.

बासरी दुसऱ्या ओळीलाच बाद झाली. पेटी सगळ्यांनीच सुचवली, पण देवळात एक पेटी आहेच. दुसरी नेणं म्हणजे बाईंना उठ म्हणण्यासारखं, आणि ते सासूबाईंना नको होतं. एकतारी ओळखीच्या एका भजनी बुवांकडून मागून आणली. हलकी, स्वस्त, मोडण्यासारखं तिच्यात काही नाही. दोन-तीन दिवस त्यांनी ती मन लावून छेडली आणि परत करायला सांगितली. "ही नुसती हो हो करती. तुझ्या सासऱ्यावानी." सासरे तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करता "व्हय" म्हटलं.

मग भाच्याचा छोटा इलेक्ट्रिक कीबोर्ड आणला. माझ्या रकान्यांत सर्वांत जास्त खुणा त्यालाच पडल्या होत्या. सासूबाईंनी एका बोटाने चाचपत एका गौळणीची अख्खी ओळ काढली, पहिल्याच दिवशी. मी कागद मिटायच्या तयारीत होते. त्यांनी कीबोर्ड हळूच बाजूला सरकवला. दाबलं तरी बोटाला काही लागत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. सूर काढतोय हे हाताला कळलं पाहिजे. ही अट माझ्या यादीत नव्हती. मी ती लिहून घेतली, कारण ती माझ्या सगळ्या अटींपेक्षा खरी होती.

त्या लग्नसराईत आमच्या रस्त्यावरून एक वरात गेली. पुढे टेम्पो, टेम्पोवर भलेमोठे स्पीकर आणि त्यांच्यामध्ये बसून बेंजो वाजवणारा माणूस. आम्ही सगळे फाटकाशी उभे. खिडकीच्या काचा थरथरत होत्या आणि मी कानांवर हात ठेवून वरात कधी पुढे सरकते याची वाट बघत होते. सासूबाई मात्र त्या माणसाच्या बोटांकडे बघत होत्या. वरात वळल्यावर त्यांनी माझी बाही ओढली. "त्ये," म्हणाल्या.

घरात हसू झालं. वरातीतलं वाद्य देवळात न्यायचं म्हणजे काय. माझा नवरा म्हणाला, आई, जनरेटरही घ्यावा लागेल. पण मी आत जाऊन मोबाईलवर शोधलं, तर स्पीकर काढून टाकला की खाली उरतं ते बुलबुलतरंग. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा, आणि तारांच्या वर टाईपरायटरसारखी बटणांची रांग. डाव्या बोटाने बटण दाबलं की ते तारेवर टेकतं आणि सूर बदलतो. उजव्या हातात प्लास्टिकची तिकोनी पट्टी घेऊन तारा छेडायच्या. बाजूच्या काही तारांना बटणं नसतात, त्या आपला एकच सूर धरून बसतात. म्हणजे एकतारीचं हो हो करणंही त्यात आलं, आणि वर चालही आली. मी टाईपिंगची परीक्षा दिलेली बाई. बटण दाबल्यावर बोटाला काय लागतं, ते मला चांगलं माहीत होतं.

एका रविवारी आम्ही तिघं एसटीने कोल्हार, राहुरी करत नगरला गेलो. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असलं तरी कंडक्टर नगरच म्हणत होता. सासऱ्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण उमेदीत घोडेगावच्या बाजारातून त्यांनी गावातल्या निम्म्या लोकांना गाई निवडून दिलेल्या, तेव्हा खरेदी म्हटल्यावर ते मागे राहणं शक्य नव्हतं.

दुकानदार बोलका होता. त्याने आधी लाल मखमलीच्या खोक्यातलं, आरसे लावलेलं एक बुलबुलतरंग काढलं. मग आत माईक बसवलेलं. मग आणखी एक, ज्याच्या झाकणावर मोर होता. प्रत्येकावर त्याने स्वतःच एक फिल्मी चाल फर्रकन वाजवून दाखवली आणि प्रत्येक वेळी ते छानच वाजलं. मी आरशांच्या वाद्याच्या किमतीवर घासाघीस सुरू केली, तेवढ्यात सासरे मधे पडले.

"दावनीला उभी असली की समदीच जनावरं चांगली दिसत्यात," ते मला म्हणाले. "चालवून बघ. आन् मालकाला न्हाई चालवू द्यायचं, आपुन चालवायचं."

मग आम्ही चालवून बघितलं. पहिलं वाद्य घेताना काय बघावं, याचा माझा सगळा अभ्यास त्या तासाभरातला आहे. एकेक बटण डावीकडून उजवीकडे सावकाश दाबत जायचं. काही बटणं दाबली की खालीच बसून राहतात, काहींवर सूर झणझणतो. मोराच्या वाद्यात वरची बटणं मुकी होती. खुंट्या फिरवून सूर लावायचा आणि वाद्य थोडा वेळ तसंच ठेवून पुन्हा ऐकायचं. सूर घसरला असेल तर खुंट्या ढिल्या. आरशांचं वाद्य चहा येईपर्यंत घसरलं होतं. नवशिक्याला वाटतं, आपलंच बोट चुकतंय, आणि तो वाद्य सोडून देतो. म्हणून स्वस्त घ्यावं, पण सूर न धरणारं घेऊ नये. दिखाव्याला जेवढं जास्त तेवढं आत कमी, हे निदान त्या दुकानात तरी खरं निघालं.

सासूबाई दर वेळी तीच गौळणीची ओळ काढायच्या आणि कुजबुजायच्या, "दुसरं." दुकानदाराने शेवटी फळीवरून एक साधं, तपकिरी, झाकणावर ओरखडा पडलेलं वाद्य काढलं. बहुतेक आमच्यातून सुटका व्हावी म्हणून. त्यांनी ओळ काढली. पुन्हा काढली. तिसऱ्यांदा काढताना त्यांचे ओठ हलत होते, आणि त्यांनी मान वर करून मला "दुसरं" म्हटलं नाही.

मी निघण्याआधी एक काम नीट करून घेतलं. आदल्या कोजागिरीला त्या गात असताना मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. ते दुकानदाराला ऐकवलं आणि वाद्य बरोबर त्याच पट्टीत, काळी पाचमध्ये लावून घेतलं. माझ्या मते खरेदी आता पूर्ण झाली.

पुढचे महिने आमच्या घरात ते वाद्य वाजत राहिलं. सकाळची भाकरी झाली की त्या ओट्याजवळ चटई टाकून बसत. बोटं आखडलेली, वर्षानुवर्षं पेरू तोडून अंगठ्याचा सांधा सुजणारा. त्या कोमट पाण्यात हात बुडवायच्या, पुसायच्या आणि बसायच्या. सासरे म्हणायचे, म्हशीनं दूध चोरलं तर मला सांगू नका. म्हैस मात्र शांत होती. मी त्यांना सूर लिहून देऊ का विचारलं तर त्यांनी हात हलवून नको म्हटलं. चाली त्यांच्या डोक्यात पक्क्या होत्या. फक्त गळ्यातून जाणारी वाट बोटांकडे वळवायची होती, आणि ते काम रोज थोडं थोडं, न कंटाळता, त्यांनी केलं. मी इतक्या शिस्तीने आयुष्यात एक गोष्ट शिकलेली नाही. टाईपिंगसुद्धा नाही.

मग त्यांनी एक पद्धत काढली. माझा मोबाईल उशीला टेकवून ठेवायचा, कोजागिरीचं रेकॉर्डिंग लावायचं आणि त्याच्याबरोबर वाजवायचं. पट्टी जुळलेलीच होती. मोबाईलमधल्या सासूबाई ओळ टाकायच्या आणि चटईवरच्या सासूबाई ती उचलायच्या. सुरुवातीला मागे पडायच्या, मग बरोबर, मग एखाद्या वळणावर जरा पुढेही. शनिवारी सकाळची शाळा करून मी लवकर घरी आले की दारातच उभी राहून ऐकायची. आत गेलं की त्या थांबत.

एवढी तयारी झाल्यावर मी पेटीवाल्या बाईंना भेटून सांगितलं, आई गुरुवारी येतील, वाद्य घेऊन येतील. वाद्य काळी पाचमध्ये लावलंय हेही सांगितलं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. भजन परत काळी पाचवर घ्यायचं. त्यांचा मान आहे, त्यांचीच पट्टी. शेजारच्या सुनेला विचारलं तर तीही चटकन हो म्हणाली. आपल्याकडे मान द्यायचा ठरला की तो कसा पेलायचा, हे कुणी विचारत नाही. मीही नाही विचारलं. मला सगळं जमून आल्याचं समाधान होतं.

बुधवारी संध्याकाळी ती सून एकदा एकत्र म्हणून बघायला आमच्याकडे आली. ओटीवर बसली. सासूबाईंनी तारा छेडल्या, तिने डोळे मिटून सुरुवात केली. खालच्या ओळी गोड गेल्या. अंतऱ्याला ती वर चढायला लागली तशा तिच्या मानेच्या शिरा ताणल्या, आणि सगळ्यात वरच्या सुराला आवाज फाटला. ती खोकली, पदराने तोंड पुसलं, म्हणाली, "काही नाही, सवय नाहीये. म्हणते परत." परत म्हटलं. परत तिथेच. मी आतून पाणी आणलं. ती घोटभर प्यायली आणि हसून म्हणाली, काकू, तुमचा सूर म्हणजे डोंगर आहे, होईल सवय.

सासूबाईंनी वाद्यावरचा हात काढून घेतला होता. त्या तिच्या गळ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मला खुणेने मोबाईल मागितला.

"काळी चार लाव," म्हणाल्या.

मोबाईलमध्ये सूर देणारं एक ॲप आहे, त्यावर मी काळी चार लावली आणि तरी म्हटलं, आई, भजन तुमच्या पट्टीत घ्यायचं सगळ्यांनी ठरवलंय. बाईंनी स्वतः सांगितलंय. त्यांनी पहिली खुंटी फिरवायला सुरुवातही केली होती.

"गळा येकीचा गेलाय त्येवढा बास," त्या म्हणाल्या. "दुसरीचा कशाला घालवायचा?"

त्या मुलीने नको नको केलं. सासूबाईंनी एकेक तार उतरवली, सुराशी ताडून बघितली, पुन्हा जरा उतरवली. बाजूच्या तारा जास्त वेळ घेत होत्या. एक तार सैल पडून झणझणायला लागली, तिच्याखाली मी कागदाची बारीक घडी सरकवून दिली. ते करताना माझ्या ध्यानात आलं आणि मी खालच्या आवाजात त्यांना सांगितलं. आता कोजागिरीचं रेकॉर्डिंग या वाद्याशी जुळणार नाही. रोज सकाळी बसता तसं त्याच्याबरोबर वाजवता येणार नाही. रोज रोज खुंट्या वरखाली केल्या तर या तारा टिकायच्या नाहीत.

"म्हाइत हाय," त्या म्हणाल्या, आणि शेवटची खुंटी दाबून बसवली. मग मुलीकडे वळल्या. "म्हन आता. गानारीचा सूर आसतो, वाजवनारीचा न्हाई."

ती म्हणाली. वरच्या ओळीला आवाज सहज गेला, तिथे जरा थांबला आणि वळून खाली आला. तो थांबला तेवढ्यात सासूबाईंनी तीच जागा बोटांनी भरली आणि तिला पुढच्या ओळीवर आणून सोडलं. मला गाण्यातलं कळत नाही, पण कुणी कुणाला रस्ता दिला ते दिसलं. सासरे पेपर खाली ठेवून ऐकत होते. त्यांच्यापुरतं ते फारच झालं.

गुरुवारी मी देवळात सोबत गेले. बाईंनी पुढची जागा रिकामी ठेवली होती. सासूबाई तिथे बसल्या नाहीत. गाणारीच्या डाव्या हाताला, जरा मागे, तिचा चेहरा दिसेल अशा बेताने त्यांनी चटई सरकवली. तिथून गळ्याच्या हालचालीवरून त्यांना कळायचं, ती आता कुठे श्वास घेणार. बाईंनी पट्टी विचारली तेव्हा त्यांनी चार बोटं दाखवली. बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी खांदे उडवले. भजन सुरू झालं. सुरुवातीला मागच्या बायका वरातीतलं वाद्य म्हणून एकमेकींना कोपर मारत होत्या. दुसऱ्या भजनापासून त्या गायला लागल्या, आणि वरच्या ओळीला या वेळी नुसती हलणारी तोंडं मला कमी दिसली.

पुढच्या गुरुवारी शाळेत ऑडिटची कामं निघाली आणि मला उशीर झाला. सासूबाई तयार होऊन माझी वाट बघत असतील, म्हणून मी स्टँडवरून जवळजवळ पळत आले. फाटक उघडं होतं. सासरे ओटीवर एकटेच बसले होते. मी आत डोकावून विचारलं, आई कुठायत.

"गेली कवाच," ते म्हणाले. "च्या तुझा तूच करून घे. आन् माझाबी."

मी आत जाऊन गॅसवर आधण ठेवलं.